किडनीच्या डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला खुलं पत्र: मशीनवर लावायच्या आधी सगळे पर्याय सांगा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या सगळ्या किडनीच्या डॉक्टरांना, जिथं जिथं डायलिसिस चालतं तिथल्या प्रमुखांना आणि आरोग्य खात्याच्या साहेबांना,

नमस्कार.

पत्र लिहायचं कारण एकच आहे, ते आधीच सांगतो. किडनी निकामी झालेल्या माणसाला आपल्या भागात डायलिसिस म्हणजे मशीन एवढंच माहीत असतं कारण त्याला तेवढंच सांगितलं जातं. पोटातून घरच्या घरी करायचं डायलिसिस असतं, घरात देणारं कुणी असेल तर डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच किडनी बदलता येते, आणि फार वय झालेल्या माणसानं डायलिसिस न करता औषधांवर राहायचं ठरवलं तर तोही मार्ग आहे, या गोष्टी पेशंटला कळतात कधी तर मशीनवर वर्ष-दोन वर्षं काढल्यावर, आणि त्यापण शेजारच्या बेडवरच्या माणसाकडून. हे बदला, एवढंच आमचं म्हणणं आहे.

माझी थोरली बहीण, आम्ही आक्का म्हणतो, गारगोटीकडं दिली आहे. शुगर बऱ्याच वर्षांची, त्यात बीपी. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी चालायला लागली की रक्तात साठणारी घाण, वाढत चाललंय हे जवळजवळ दोन वर्षं कळत होतं. दर वेळी रिपोर्ट दाखवायचा, डॉक्टर बघून म्हणायचे वाढलंय, मीठ कमी करा, पेनकिलर घेऊ नका, पुढच्या महिन्यात या. सल्ला बरोबरच होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे असंच वाढत राहिलं तर पुढं काय, किती दिवसात, तेव्हा काय काय करता येईल आणि त्याची तयारी आत्तापासून काय करायची यातलं एक अक्षर कुणी बोललं नाही. मग एका रात्री तिला दम लागला, आडवं पडता येईना, पाय सुजलेले, भाच्यानं गाडी काढली आणि पन्नासेक किलोमीटर कोल्हापूरला आणली. तिथं गळ्यात लाईन, म्हणजे मानेच्या शिरेत डायलिसिसची नळी, घातली, दाजींच्या हातात कागद दिला, सही करा, वेळ नाही. खरंच नव्हता. त्या रात्रीच्या डॉक्टरांनी आणि टेक्निशियननं तिचा जीव वाचवला, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण त्या रात्री वेळ नव्हता म्हणून त्याआधीची दोन वर्षं कुठं गेली हा प्रश्न उरतोच ना. दोन वर्षात अर्धा तास निघाला नाही का?

आणि वेळेत न सांगितल्याची किंमत पेशंट कशी मोजतो बघा. मशीनला रक्त घ्यायला आणि परत द्यायला सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे फिस्टुला, हातातली धमनी आणि शीर छोटं ऑपरेशन करून जोडतात. तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात, कुणाला दोन-तीन महिने. म्हणजे आधी ठरवलं असतं तर आक्का पहिल्याच दिवशी फिस्टुलावर लागली असती, गळ्यातली लाईन लागलीच नसती. ती लाईन सरळ हृदयाकडं जाते, तिच्यातून इन्फेक्शन झालं की थंडी वाजून हुडहुडी भरते, ताप चढतो, आक्काला ते पण भोगायला लागलं. त्यात ज्या डाव्या हातावर फिस्टुला करायचा त्याच हाताच्या शिरा आधीच्या प्रत्येक ॲडमिशनमध्ये सलाईन लावून लावून जळालेल्या. किडनीच्या पेशंटच्या डाव्या हाताला, डावखुरा असेल तर उजव्याला, सुई लावायची नाही, रक्त काढायचं असलं तर तळहाताच्या मागच्या बाजूनं काढा, ही साधी गोष्ट आहे, गावातल्या दवाखान्यातल्या सिस्टरपासून सगळ्यांना माहीत पाहिजे. हिपॅटायटिस बी ची लस पण आधीच घ्यायला पाहिजे होती, ती डायलिसिस सुरू झाल्यावर सुरू केली. आता तिचा फिस्टुला चांगला चाललाय, हात ठेवला की मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागते, रोज सकाळी उठल्या उठल्या ती पहिल्यांदा तिथं बोटं लावून बघते, मग चहा.

मशीन वाईट आहे असं मी म्हणत नाही. आक्का त्याच्यावर जगतीय, जेवते, हसते, नातवाला शाळेला सोडते. पण मशीनचं आयुष्य कसं असतं ते आधी कळायला पाहिजे. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. म्हणजे आठवड्याच्या 168 तासातले 12 तास रक्त साफ होतं, बाकीच्या वेळेत पाणी आणि घाण साठत राहते, म्हणून पाणी मोजून प्यायचं, मीठ मोजून खायचं, नारळपाणी, केळं, बटाटा, पालेभाजी सगळ्यावर बंधन कारण पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं. चार तासात दोन-तीन लिटर पाणी काढलं की पायात गोळे येतात, बीपी पडतं, घरी येऊन माणूस झोपून राहतो. हे चार तास कागदावरचे. सुई लावायची, सोडवायची, नंबरची वाट बघायची, एसटीची वाट बघायची, हे धरलं तर दिवस गेला. बरोबर येणाऱ्याचा पण दिवस गेला, आणि तो रोजंदारीवर असला तर हजेरी पण गेली.

सरकारनं काहीच केलं नाही असं पण नाही. 2016 पासून केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे, राज्याची महात्मा फुले योजना आहे, तिच्यातून डायलिसिस होतं, एसटीत डायलिसिसच्या पेशंटला सवलत आहे. यामुळं हजारो घरं उभी आहेत, हे मनापासून सांगतो. पण चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर पडतं. गगनबावडा, आजरा, शाहूवाडीच्या आतल्या वाड्या-वस्त्यांवरून मेन रोडला यायलाच तास जातो. मग माणूस तीनच्या ऐवजी दोनच डायलिसिस करतो, कुणी त्याला सांगितलेलं म्हणून नाही, परवडत नाही आणि झेपत नाही म्हणून. दोन डायलिसिसच्या मधला खंड जेवढा मोठा तेवढा धोका जास्त, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आम्ही ते बाकावर शेजारी बसणारी माणसं कमी होत जातात त्यावरून शिकलो.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. पोटाचं डायलिसिस. सीएपीडी म्हणतात त्याला. आमच्या पाहुण्यात शिरोळ तालुक्यातले एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांचं बघेपर्यंत मला हे असं काही असतं हेच माहीत नव्हतं, आणि तोवर आक्का मशीनवर जुनी झालेली. पोटात बेंबीच्या खाली एक मऊ नळी बसवलेली असते, छोटं ऑपरेशन, साधारण दोन आठवड्यांनी ती वापरायला घेतात. मास्तर काय करतात, खोलीचं दार-खिडकी लावतात, पंखा बंद करतात, तोंडाला मास्क, साबणानं कोपरापर्यंत हात धुतात, घड्याळ लावून. मग पोटातलं आधीचं पाणी खालच्या रिकाम्या पिशवीत सोडायचं आणि खिडकीच्या गजाला अडकवलेल्या दोन लिटरच्या पिशवीतलं नवीन औषधी पाणी पोटात घ्यायचं. अर्धा-पाऊण तास. तेवढ्यात ते पेपर वाचतात. मग नळीला टोपण लावलं की सदरा खाली सोडून मळ्यात जायला मोकळे. दिवसातून चार वेळा. सुई नाही, रक्त बाहेर काढायचं नाही, लाईट गेली तरी अडत नाही. पोटाच्या आतला पडदा गाळणीचं काम करतो आणि ते दिवसरात्र चालू असतं, त्यामुळं मशीनसारखं साठायचं आणि एकदम काढायचं असं होत नाही, पोटॅशियमचं पथ्य पण बऱ्याच जणांना जरा सैल मिळतं, स्वतःच्या किडनीत जे थोडंफार लघवी तयार करायचं बळ उरलेलं असतं ते जास्त दिवस टिकतं. रात्री झोपेत आपोआप पाणी बदलणारं छोटं मशीन पण येतं, दिवसा नोकरी करणाऱ्याला ते बरं.

मास्तरांनीच मला याची दुसरी बाजू पण सांगितली. एकदा त्यांचं निघालेलं पाणी गढूळ आलं आणि पोटात दुखायला लागलं, तिथंच ओळखायचं की पोटात इन्फेक्शन झालंय, पिशवी घेऊन तसंच दवाखाना गाठायचा, अँटिबायोटिक चालू करायचं, घरी बसून वाट बघत बसलं तर जिवावर बेततं. त्या पाण्यात साखर असते, त्यामुळं शुगरवाल्याला औषध वाढवायला लागतं, वजन वाढतं. पोटाची मोठी ऑपरेशनं झालेल्याला जमेलच असं नाही. ज्याला दिसत नाही, हात थरथरतात, त्याच्या घरात दुसरं कुणीतरी शिकलेलं पाहिजे. आणि पिशव्या. दिवसाला चार म्हणजे महिन्याला 120, त्यातलं पाणी 240 लिटर, मास्तरांच्या घरात खोलीची एक अख्खी भिंत खोक्यांनी भरलेली असते. आणि खिशातून घ्यायचं म्हटलं तर महिन्याचा खर्च वीस हजारांच्या पुढं जातो, मास्तरांना पेन्शन आहे म्हणून चाललंय, शेतमजुराला कसं चालणार. म्हणूनच हे योजनेतून मिळालं पाहिजे. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात पोटाच्या डायलिसिसचा समावेश करायच्या मार्गदर्शक सूचना केंद्रानं 2019 ला काढल्या. आम्हाला आमच्या जिल्ह्यात कुठल्या खिडकीवर जाऊन मागायचं ते सांगा. आमच्या ओळखीतल्या एकाही पेशंटला कुणी ते सांगितलेलं नाही.

खेड्यातल्या लोकांना जमणार नाही, घरं स्वच्छ नसतात, इन्फेक्शन होईल, हे एका मोठ्या डॉक्टरांच्या तोंडून मी स्वतः ऐकलंय. साहेब, याच खेड्यातल्या बायका पहाटे उठून धार काढतात, कॅन उकळत्या पाण्यानं धुतात, दूध डेअरीत घालतात, तिथं फॅट कमी लागलं की का लागलं हे विचारून घेतात. त्यांना आठवडा-दोन आठवडे नीट शिकवलं तर हात धुऊन पिशवी बदलता येणार नाही असं कशावरून? हाँगकाँगनं 1985 पासून आधी पोटाचं डायलिसिस असंच धोरण ठेवलं, थायलंडनं 2008 ला आपल्या सरकारी आरोग्य योजनेत तेच केलं, पुढं 2022 ला पेशंटला स्वतः निवडायची मुभा दिली. मला वाटतं सक्ती तर याची पण नको आणि त्याची पण नको. निवड पाहिजे. पण निवडायला आधी दोन्ही माहीत पाहिजे.

आणि आपल्याकडं तर पुराचा विषय वेगळाच आहे. 2019 ला आणि 2021 ला काय झालं ते तुम्ही पण बघितलंय. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली, शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं तुटलेली, करवीर-पन्हाळ्याकडचे रस्ते बंद. निरोगी माणसाला बोट मिळेपर्यंत छतावर बसता येतं, डायलिसिसच्या माणसाला चौथ्या-पाचव्या दिवशी दम लागायला लागतो. मशीनला एका पेशंटला एका वेळी साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, शहराचं पाणी आणि लाईट बंद पडली की सेंटर पण अडचणीत. मास्तरांनी 2021 ला खोकी आधीच माळ्यावर चढवली आणि गाव सोडायला सांगितल्यावर दोन खोकी ट्रॅक्टरमधून शाळेत नेली, तिथल्या एका वर्गाचं दार लावून पिशवी बदलली, फळ्याच्या खिळ्याला अडकवून. ज्यांना मशीनच पाहिजे त्यांच्यासाठी पण काहीतरी ठरलेलं असू दे की. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटाच्या इशाऱ्याला आलं की नदीकाठच्या गावातल्या डायलिसिसच्या पेशंटना फोन जायला पाहिजे, 43 फुटाच्या धोका पातळीची वाट बघायची नाही, एक डायलिसिस आधी उरकून घ्या, नाहीतर आठ दिवस पलीकडच्या पाहुण्यांकडं जाऊन राहा, तिथल्या सेंटरला तुमचा नंबर लावलाय. तालुक्यात कुठल्या गावात कोण डायलिसिसवर आहे ही यादी आपत्तीच्या ऑफिसात असणं काय अवघड आहे? आणि अडकलाच माणूस तर ते दोन-तीन दिवस काय खायचं, पाणी किती प्यायचं, पोटॅशियम उतरवायची पावडर जवळ कशी ठेवायची, हे एका कागदावर मराठीत छापून द्या.

किडनी बदलायच्या बाबतीत तर जास्तच अंधार. लोकांना वाटतं पाच-सात वर्षं डायलिसिस करून कंटाळलं की मग ट्रान्सप्लांट. खरं तर ज्याला झेपणार आहे त्यानं जेवढं लवकर तेवढं चांगलं, डायलिसिस सुरू व्हायच्या आधीच झालं तर सगळ्यात उत्तम. आमच्यात दाजींचा रक्तगट जुळला नाही, तिथंच विषय संपला असं आम्हाला वाटलं, कुणी पुढं बोललंच नाही. दोन कुटुंबांनी एकमेकांच्या पेशंटला किडनी द्यायची, अदलाबदल, हे कायद्यात बसतं. रक्तगट जुळत नसताना पण आता काही ठिकाणी करतात, खर्च आणि धोका जास्त. 1994 च्या कायद्यात 2011 ला बदल झाला, आता आजी-आजोबा, नातवंडं पण जवळच्या नातेवाईकात धरतात. कुणीच नसलं तर मेंदू मृत झालेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव लावायला लागतं, आपला जिल्हा पुण्याच्या विभागीय समन्वय केंद्राखाली येतो, आणि नाव आपोआप लागत नाही, दवाखान्यामार्फत लावून घ्यायला लागतं. किती वर्षं नुसती यात गेली असतील लोकांची. राज्य सरकारनं महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखावरून साडेचार लाख केली, हे पण पेशंटला बाहेरूनच कळतं. आणि एक सांगतो, राग आला तरी चालेल. देणाऱ्यात आई, बायको, बहीणच जास्त दिसतात, घेणाऱ्यात पुरुष जास्त. आक्काला किडनीची गरज पडली तेव्हा घरातले किती पुरुष तपासायला पुढं आले ते मी बघितलंय. तुमच्याकडं घरचे लोक बसतात तेव्हा हे पण स्पष्ट बोला, दिल्यावर माणूस अधू होत नाही, नीट तपासून घेतलेला देणारा एका किडनीवर चांगलं आयुष्य काढतो, पण आयुष्यभर तपासणी करत राहायला लागते. घेणाऱ्याला गोळ्या जन्मभर, एक दिवस चुकवून चालत नाही.

राहिला तो शेवटचा मार्ग, ज्याच्याबद्दल बोलायला घरचे घाबरतात आणि डॉक्टर टाळतात. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांना, पंच्याऐंशीच्या पुढचे, हार्ट कमजोर, अंथरुणाला खिळलेले, त्यांना रिक्षातून उचलून आठवड्याला दोनदा नेत होते. ते रडायचे, मला घरी राहू दे म्हणायचे. त्यांना कुणी विचारलंच नाही. अशा वयात, इतक्या आजारात डायलिसिसनं आयुष्य फार वाढेलच असं नसतं, दम लागू नये, खाज कमी व्हावी, दुखू नये, झोप लागावी यासाठी औषधं देऊन घरी नीट सांभाळता येतं. म्हणजे उपचार सोडला असं होत नाही, डॉक्टर बघत राहतात, फक्त मशीन नसतं. ही निवड कुणी कुणावर लादू नये, पैसे नाहीत म्हणून तर अजिबात नको. पण ज्याचा जीव आहे त्याला विचारायला तर पाहिजे.

म्हणून मागणं असं आहे. क्रिएटिनिनच्या रिपोर्टवर ईजीएफआर छापलेला असतो, पेशंटला तो समजावून सांगा, किडनी किती टक्के चालते असं सांगितलं तरी कळतं. तो 20 च्या आसपास आला की एक दिवस ठरवून अर्धा तास द्या, पेशंट आणि घरातली दोन माणसं, मराठीत. गर्दीच्या ओपीडीत तुम्हाला वेळ नसतो हे मान्य, एका दिवसात किती पेशंट तुम्ही बघता ते आम्ही बाहेर बसून बघतो, मग एक सिस्टर नाहीतर समुपदेशक त्याच्यासाठी नेमा. टेबलावर खरी पिशवी ठेवा, खरी नळी ठेवा, हातात घेऊ दे लोकांना, फिस्टुलावाल्या पेशंटला, पोटाच्या डायलिसिसवाल्याला, ट्रान्सप्लांट झालेल्याला त्या दिवशी बोलवा, आम्ही येतो, फुकट येतो, आक्का तर पहिली येईल. खर्च किती, योजनेत काय बसतं, काय बसत नाही, हे पण त्याच दिवशी. महिन्यातून एकदा गडहिंग्लज, गारगोटी, मलकापूर अशा ठिकाणी हेच करा, सगळ्यांना कोल्हापूरला ओढू नका. आणि पोटाच्या डायलिसिसच्या पिशव्या या जिल्ह्यात सरकारी योजनेतून कधीपासून, कुठून मिळणार याचं उत्तर आरोग्य खात्यानं लेखी द्यावं, पुढच्या पावसाळ्याच्या आत.

आक्काची पाळी मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळची पहिली शिफ्ट. बाहेरच्या बाकांवर निम्मा जिल्हा भेटतो. कुठल्याही सेंटरला, कुठल्याही दिवशी या आणि तिथल्या दहा जणांना विचारा की मशीनवर लागायच्या आधी तुम्हाला काय काय सांगितलं होतं. मग या पत्राला उत्तर द्या.

आपला,
एका डायलिसिस पेशंटचा भाऊ,
कोल्हापूर